पेपर कसा गेला?

मे महिन्यातली गोष्ट. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, लोकलच्या रस्त्यावर हॅवरफर्ड नावाचं छोटं कॉलेज आहे, तिथे माझी भाची शिकते. तिचं तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि ताई, दाजी आणि मी न्यूजर्सीहून गाडी घेऊन तिचं खोलीतलं सामान आणायला गेलो होतो. तिचा शेवटचा पेपर संपायचा होता, म्हणून आम्ही फाउंडर्स हॉलसमोरच्या हिरवळीवर बाकावर बसून राहिलो. समोर जुनी प्रचंड झाडं, झाडांखाली अनवाणी बसलेली मुलं, कोणी वाचतंय, कोणी सरळ झोपलंय. थोड्या वेळाने ही आली. केस वर कसेबसे बांधलेले, बोटाला शाईचा डाग, डोळे जागरणाने सुजलेले. मी आपलं नेहमीचं विचारलं, "काय गं, कसा गेला पेपर?" ती म्हणाली, "सांगायचं नसतं, मावशी." मला वाटलं, वाईट गेला असेल. तर म्हणाली, "तसं नाही. सगळ्यांचा झाला नाही ना अजून. माझी रूममेट उद्या सकाळी देणार आहे. सोपा होता, अवघड होता, मोठा होता, काहीच बोलायचं नाही." मी म्हटलं, "अगं, पण मी कुठे तुझ्या रूममेटला सांगायला जातेय?" "ते माहितीये मला," ती हसून म्हणाली, बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली आणि खोली आवरायला गेली. सांगितलं नाहीच.

माझा राग नव्हता त्यावर. पण ते उत्तर मनातून जाईना. 'पेपर कसा गेला' हा आपल्याकडे प्रश्नसुद्धा नसतो खरं तर. बाहेरून आलेल्या माणसाला आपण पाणी विचारतो तसा तो विचारायचा असतो. परीक्षेच्या दिवसांत रिक्षावाला विचारतो, शेजारच्या काकू विचारतात, देवळाबाहेरचा फुलवाला विचारतो. आणि मी तर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझं निम्मं आयुष्य हा प्रश्न विचारण्यात गेलंय. त्याला 'सांगायचं नसतं' असं उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं. शिवाय तिथे जवळपास एकही मोठं माणूस नव्हतं. ती सांगती तर कोणाला कळणार होतं?

न्यूजर्सीला परतताना गाडीत मी तिला पुन्हा छेडलं, तेव्हा सगळी पद्धत कळली. त्या कॉलेजात सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं वेळापत्रक कॉलेज लावत नाही. परीक्षेचा आठवडा ठरलेला असतो; त्यात कोणता पेपर कोणत्या दिवशी, सकाळी की दुपारी द्यायचा, हे ज्याने त्याने ठरवायचं. ठरलेल्या ठिकाणी जायचं, आपल्या नावाचं पाकीट घ्यायचं, वर्गात बसून लिहायचं, वेळ संपली की परत करायचं. वर्गात पर्यवेक्षक नसतो. एकाच बाकाच्या दोन टोकांना दोघं वेगवेगळ्या विषयांचे पेपर लिहीत असतात. आणि काही पेपर तर खोलीवर न्यायचे असतात. "म्हणजे पुस्तकं बघून लिहायचे?" मी विचारलं. "काही बघून. काही न बघता. वर लिहिलेलं असतं, पुस्तक बंद, तीन तास." म्हणजे आपल्या खोलीत, आपल्या टेबलाशी, डोक्यावरच्या फळीत तेच पुस्तक उभं असताना, दार लावून, मोबाइलमध्ये तीन तासांचा गजर लावून ही मुलगी बसते आणि गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन ठेवते. ते मी तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती खोली आली. नुकतीच मी ती झाडून काढली होती. टेबल खिडकीला लागून, फळी बसल्या जागी हाताला येईल इतकी जवळ.

आता माझा फेब्रुवारी सांगते. बारावीचा पहिला पेपर म्हटलं की आमच्या गावात सकाळपासून हवा बदललेली असते. केंद्रापासून ठरावीक अंतरात झेरॉक्सची दुकानं बंद करायला लावलेली असतात, फाटकावर पोलीस, भिंतीपलीकडे कोणाचे तरी भाऊ आणि मित्र घुटमळत असतात. मुलांची फाटकातच झडती. कंपास उघड, पॅड उलटं कर, बूट काढ, मोजे झटक. मुलींची झडती आम्ही बायकांनी घ्यायची. सतरा वर्षांची मुलगी दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभी राहते आणि मी तिच्या ओढणीची टोकं चाचपते. ती समोरच्या भिंतीकडे बघत असते, मीही तिच्याकडे बघत नाही. मग वर्ग. बाकावर खडूने टाकलेले बैठक क्रमांक, उत्तरपत्रिका, बारकोड, हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवणं, सह्या, पुरवण्या, शेवटी दोरे. मध्येच भरारी पथक येतं. पायांचा आवाज जिन्यात ऐकू आला की चाळीस पेनं एकदम थांबतात. ज्याच्याकडे काहीच नसतं त्याचंही थांबतं. बैठं पथक असतं ते वेगळंच. 1982 सालचा गैरप्रकार प्रतिबंधाचा कायदा आहे, कॉपीमुक्त अभियान आहे, सीसीटीव्ही आहेत, एका केंद्राचे पर्यवेक्षक दुसऱ्या केंद्रावर पाठवण्याची पद्धत आहे. अलीकडे काही ठिकाणी ड्रोनही फिरवले गेले. ही सगळी व्यवस्था कशासाठी आहे हे मला ठाऊक आहे. जिथे ती सैल पडते तिथे काय होतं तेही मी जवळून पाहिलंय, आणि प्रामाणिकपणे रात्र जागून आलेल्या मुलाचा त्यात कसा बळी जातो तेही. म्हणून मी वर्गावर असते तेव्हा सैल नसते.

पण त्या तीन तासांत मुलं माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, तिची मला सवय झालेली नाही.

हॅवरफर्डविषयी मी नंतर बरंच वाचलं, भाचीला बरंच विचारलं. क्वेकर पंथाच्या लोकांनी 1833 साली काढलेलं कॉलेज. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक साधासुधा पंथ. प्रार्थनेला जमायचं आणि गप्प बसायचं, पुरोहित नाही, ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल त्याने उठून सांगायचं. प्रत्येक माणसाच्या आत देवाचा अंश आहे, तेव्हा एक मोठा आणि एक लहान असं नाही, हे त्यांचं मूळ म्हणणं. आपल्या ओळखीच्या एका गोष्टीशीही त्यांचा संबंध आहे. आनंदीबाई जोशी ज्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून 1886 साली डॉक्टर झाल्या, ते काढण्यात क्वेकर मंडळींचा मोठा हात होता. हॅवरफर्डमध्ये आज सगळी मिळून चौदाशेच्या आसपास मुलं आहेत. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात याहून जास्त आहेत. मुली तिथे पूर्णपणे 1980 साली आल्या, ही गोष्ट ऐकून मात्र मी चकित झाले. मैलभरावर मुलींचं ब्रिन मॉर कॉलेज होतं म्हणून चाललं असेल. आता दोन्हीकडच्या मुलांना दोन्हीकडचे वर्ग खुले आहेत आणि मध्ये निळी बस फिरत असते.

ही परीक्षेची पद्धत ज्या नियमावलीवर उभी आहे, तिला 'ऑनर कोड' म्हणतात, म्हणजे प्रामाणिकपणाने वागण्याचे नियम. 1897 पासून तो चालत आलाय. मला वाटलं होतं, संस्थापकांनी लिहून ठेवलेली आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेली काहीतरी प्रतिज्ञा असेल. तसं नाही. तो मुलांचा आहे. मुलं तो लिहितात, बदलतात, आणि दरवर्षी सगळ्या मुलांची सभा भरते तिथे तो नव्याने मंजूर व्हावा लागतो. पुरेशी मुलं जमली नाहीत तर सभाच होत नाही. सुरुवातीला सगळे काही क्षण गप्प बसतात, मग ठराव, मग बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांच्या रांगा. ही सभा तासन्‌तास चालते; मुलं उशा आणि पांघरुणं घेऊन जातात, विणकाम घेऊन जातात, असं भाची म्हणाली. 2018 साली तर कोड मंजूरच झाला नाही. मुलांनी सह्या गोळा करून पुन्हा खास सभा बोलावली, तेव्हा कुठे तो टिकला. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. सव्वाशे वर्षांची परंपरा एका वर्षी मुलांच्या कंटाळ्याने मोडू शकते, आणि कॉलेज ती मोडू द्यायला तयार आहे. मुलांचं प्रामाणिक असणं कोणी गृहीत धरलेलं नाही. दर वसंतात त्यांना विचारलं जातं, अजून हवंय का तुम्हाला हे?

आणि कोणी फसवलं तर? हा माझा पहिला प्रश्न होता, शिक्षकाचा दुसरा कोणता असणार. फसवतात, असं भाचीने लगेच सांगितलं. उसनी वाक्यं आपली म्हणून देतात, खोलीवर नेलेल्या पेपरला वेळ संपल्यावरही लिहीत राहतात. ज्याने ते पाहिलं त्याने आधी त्या मुलाशीच बोलायचं असतं. मी हे पाहिलं, मला असं वाटलं, तू सांग काय झालं. आणि मग त्यालाच म्हणायचं, तू स्वतः जाऊन सांग. मुलांचं एक मंडळ असतं, मुलांचीच ज्युरी बसते, तासन्‌तास बोलणं चालतं. दंड काय यापेक्षा आता हा मुलगा पुन्हा आपल्यात कसा येईल, यावर जास्त वेळ जातो. पुढे त्या प्रकरणाचा गोषवारा नावं बदलून सगळ्यांना वाचायला मिळतो. आमच्याकडे कॉपी पकडली की पंचनाम्यासारखं लिहून घेतात, मुलाची सही घेतात, मुलगा उठून जातो आणि उरलेला वर्ग खाली मान घालून लिहीत राहतो. त्या मुलाचं पुढे काय झालं हे वर्गाला कधीच कळत नाही. गावात कुठेतरी दिसतो तो नंतर, एखाद्या गॅरेजात.

भाची मात्र हे सगळं सांगताना अजिबात भारावलेली नव्हती. उलट मला थोडी थकलेली वाटली. "तू म्हणतेस तेवढं छान नाहीये, मावशी. दमायला होतं," असं म्हणाली. चौदाशे माणसांत लपायला जागा नाही. जेवणाच्या हॉलमध्ये, कपडे धुवायच्या मशीनपाशी, निळ्या बसमध्ये तीच तोंडं. बरेचसे प्राध्यापक आवारातच राहतात. ज्यांच्याकडे निबंध द्यायला उशीर झालाय ते संध्याकाळी तळ्याकाठी कुत्रा फिरवताना समोर येतात. वर्गात दहा-बारा मुलं, त्यामुळे न वाचता गेलं तर पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मैत्रीण दुखावणारं काही बोलली तर ते मनात ठेवून जाता येत नाही, बोलावं लागतं, आणि बोलायचं कोणी? ज्याला लागलंय त्याने. 2020च्या शेवटी तिथल्या मुलांनी मोठा संप केला होता, वर्ग दोन आठवडे जवळजवळ थांबले होते. कृष्णवर्णीय मुलांची एक तक्रार हीच होती की प्रत्येक वेळी आम्हीच समोरच्याला समजावत बसायचं का. भाची तेव्हा शाळेत होती, पण ते बोलणं अजून तिथे चालू असतं. मला हे ऐकून बरं वाटलं. एखाद्या जागी सगळंच आलबेल आहे असं कोणी सांगितलं की माझा विश्वास बसत नाही.

आणखी एक गोष्ट मनात खुपत राहिली, ती पैशांची. वर्षाचा खर्च 90 हजार डॉलरच्या घरात. ज्याची ऐपत नाही त्याला कॉलेज भरपूर मदत देतं, भाचीलाही मिळाली आहे, त्याशिवाय ताईला झेपलंच नसतं. पण प्रवेश देताना अर्जदाराची ऐपत अजिबात बघायची नाही हे त्यांचं जुनं धोरण त्यांनी 2016 साली सोडलं. गाळून गाळून घेतलेली मुलं, हिरवंगार 216 एकरांचं आवार, दहाजणांचा वर्ग. तिथे विश्वास ठेवणं सोपं आहे, असं कोणी मला म्हणालं तर मी ते खोडून काढणार नाही. आमच्या मुलांच्या गुणांवर डी.एड.ची जागा, नर्सिंगची जागा, पोलीस भरतीच्या आधीचं एक पाऊल, लग्नाचं ठरणं असं सगळं टांगलेलं असतं. एका टक्क्याला इथे जी किंमत आहे ती तिथे नाही. तिथे तर मुलं एकमेकांना मार्कही सांगत नाहीत. भाचीच्या तीन वर्षांच्या सख्ख्या मैत्रिणीला इतिहासात किती पडले, हे भाचीला माहीत नाही. विचारलंच नाही कधी, म्हणाली.

त्या दिवशी आवारात हिंडताना दाजींना मात्र वेगळाच खजिना सापडला. झाडांच्या कडेला एक मैदान, मधोमध खेळपट्टी. अमेरिकेत कॉलेजचा अधिकृत क्रिकेट संघ असलेलं हे एकमेव कॉलेज! आवाराची आखणी करणारा विल्यम कार्व्हिल नावाचा इंग्रज माळी 1834च्या सुमारास आला, त्यानेच मुलांना हा खेळ शिकवला असं तिथे सांगतात. क्रिकेटच्या पुस्तकांचं स्वतंत्र ग्रंथालयही आहे. सातारच्या मैदानांवर उन्हाळे काढलेले दाजी त्या खेळपट्टीवर वाकून माती बोटांनी चाचपत होते आणि भाची लाजून लांब उभी होती.

मी परत आले ती शाळा उघडायच्या तोंडावर. पण डोक्यात तेच. अशी पद्धत फक्त तिकडेच रुजू शकते का, श्रीमंत देशातल्या हिरवळीवरच? आणि मग मला दादा आठवले. माझे वडील. ते साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकले, पन्नासच्या दशकाच्या शेवटी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 साली काढलेलं कॉलेज, 'कमवा आणि शिका'चं. दादा घरून फक्त एक वळकटी आणि एक पितळी तांब्या घेऊन गेले होते. सकाळी शेतात काम, मग वर्ग, संध्याकाळी पुन्हा काम. त्यांच्याकडे काही काळ वसतिगृहाच्या कोठीची किल्ली होती. धान्य मापून काढणं, किती माणसं जेवली ते लिहिणं, उरलं किती ते लिहिणं, सगळं पोरांकडेच. दादा म्हणायचे, "भुकेची पोरं होतो गं आम्ही सगळी. दुष्काळी भागातली. आणि गुळाची ढेप माझ्या हातात." गुळाला हात लावला का, असं मी लहानपणी दरवेळी विचारायची, आणि दादा दरवेळी म्हणायचे, "महिन्याचा हिशेब सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचावा लागायचा. ऐकणारे माझ्यासारखेच भुकेलेले. त्यांच्यापुढं कसा वाचणार?" अण्णांची, म्हणजे कर्मवीरांची, भीती होती का, यावर ते नाही म्हणायचे. अण्णा बघतात म्हणून नाही, पोरं ऐकतात म्हणून. 1959 साली कर्मवीर गेले तेव्हा दादा तिथेच होते. ती आठवण सांगताना त्यांचा आवाज शेवटपर्यंत बदलायचा.

स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, हे वाक्य पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आम्ही वाचत मोठे झालो. त्यातलं स्वावलंबन आपण खुरपं आणि टोपलीपुरतं धरलं, असं मला आता वाटतं. कोठीची किल्ली पोरांकडे देणं हा त्याचाच भाग होता, आणि मला तर तो जास्त अवघड भाग वाटतो. तो कुठेतरी गळून पडला. संस्था वाढल्या, वर्ग ऐंशी-नव्वदचे झाले, गुणांची किंमत वाढली, आणि किल्ली पुन्हा मोठ्यांच्या कमरेला गेली. यात कोणा एकाचा दोष काढता येईल असं मला वाटत नाही. पण आमच्या मुलांना पहाऱ्याशिवाय एकदाही बसवून न बघता ती तशीच आहेत असं आम्ही ठरवून टाकलंय, आणि मुलांनीही ते मान्य करून टाकलंय. या दुसऱ्या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटतं.

ऑगस्टात एका तासाला, पावसाने निम्मा वर्ग रिकामा होता तेव्हा, मी अकरावीच्या मुलांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. हसले थोडे, पण 'खोलीवर पेपर नेतात' म्हटल्यावर वर्ग चिडीचूप झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात काम करतो, तो उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, बारीक करून काढायच्या कॉप्या मीच काढतो. फिजिक्सला लय गर्दी असते. मराठीला कोण येत नाही." मग जरा थांबून, "पण मॅडम, त्यातले निम्मे ती बाहेर काढतच नाहीत. नुसती खिशात पाहिजे असते. बाकीच्यांच्याकडं असणार आणि आपल्याकडं नाही, असं नको म्हणून." हे मला इतक्या वर्षांच्या पर्यवेक्षणात कळलं नव्हतं. जिच्या शोधात आम्ही ओढण्या आणि मोजे तपासतो ती चिठ्ठी बऱ्याचदा उघडलीही जात नाही. दुसऱ्यांच्या धाकाने ती खिशात येते. म्हणजे त्या मुलाचा आपल्या अभ्यासावर विश्वास असतोही कदाचित, पण शेजारच्या बाकावर नसतो.

बोर्डाच्या परीक्षेत काही बदलणं माझ्या हातात नाही, आणि बदलावं असं मी आज म्हणणारही नाही; त्यात भरडली जातील ती प्रामाणिक मुलंच. फेब्रुवारीत मी वर्गावर जाईन, पॅड उलटं करून बघीन. पण घटक चाचणी आमची आहे. वीस-पंचवीस गुणांची, वर्गातल्या वर्गात होणारी. तिचे नियम अकरावीच्या मुलांनीच करावेत आणि त्यांना वाटलं तर पर्यवेक्षक नको म्हणावं, असं मी शिक्षकांच्या बैठकीत मांडलं. बराच खल झाला. एक सहकारी म्हणाले, मुलं फायदा घेतील. दुसऱ्या बाई म्हणाल्या, घेऊ देत की एकदा, वीसच तर मार्क आहेत. प्राचार्यांनी दिवाळीनंतर एका तुकडीपुरतं करून बघा म्हणून सांगितलं.

तेव्हापासून ती तुकडी शनिवारच्या शेवटच्या तासाला नियम लिहितेय. मी खिडकीपाशी बसते आणि बोलत नाही, जे मला फार जड जातं. वेळ किती, पुस्तकं कुठे ठेवायची, बाहेर गेलं तर किती वेळ, हे पटापट ठरलं. शेजाऱ्याने विचारलं तर काय, हेही ठरलं. अडलंय ते एका कलमापाशी. मित्राला बघून लिहिताना पाहिलं तर काय करायचं? पहिल्या शनिवारी एकमताने 'मॅडमना सांगायचं' असं लिहिलं गेलं, कारण मी तिथे बसले होते. दुसऱ्या शनिवारी ते खोडलं. एक मुलगी, जी वर्गात एरवी तोंड उघडत नाही, तिचं म्हणणं, आधी त्यालाच सांगायचं, एकट्याला, बाकीच्यांपुढे नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, "आणि त्यानं ऐकलंच नाही तर?" त्यावर ती म्हणाली, मग दोघांनी जाऊन सांगायचं. "दोघं कशाला?" "एकट्याला भीती वाटते." तास संपला तरी चार-पाच जण फळ्यापाशी उभे होते. ते कलम अजून तसंच आहे, अर्धं लिहिलेलं, आणि या शनिवारी पुन्हा त्याच्यावरच बसायचंय.